घाट दिला, हॉर्न नेला

इमाम शिकलगारला राग यायला एरवी कारण लागत नाही, पण या खेपेला कारण आहे आणि ते खणखणीत आहे, म्हणून मी लिहायला बसलो.

झालं असं की, ट्रक चालवायच्या ज्या ऑनलाइन गेममध्ये इमामचं म्हातारपण चाललंय, त्या गेमच्या कंपनीनं परवा सगळ्यांना विचारलं: आमच्या घाटाच्या एक्स्पान्शनला वर्ष झालं, तुम्हाला त्यात काय आवडलं, काय खटकलं? परीक्षेत मूळ पेपर भरला की मागनं पुरवणी जोडतात, तसा हा घाट मूळ गेमला मागनं जोडलेला. म्हणून आम्ही त्याला पुरवणी म्हणतो. तर उत्तर लिहायला खाली एक चौकोन दिला होता. इमामनं मला बोलावून घेतलं.

"तात्या, मी सांगतो, तू लिही."

तो सांगायला लागला आणि चौकोन पहिल्या शिवीतच भरला. दोन ओळींत मावेल असा राग या माणसाला जन्मात कधी आलेला नाही. म्हटलं, कंपनी बसू दे तिकडं, आपण आपल्या माणसांना सांगू.

इमामचं घर आमच्या घराला लागून. कडेगावच्या अलीकडं आमचं गाव, चहूकडून ऊस. त्याचा बाप विळे-कोयत्यांना धार लावायचा. इमामनं धारेचं चाक सोडलं आणि स्टिअरिंग धरलं. कराडहून साखरेची पोती भरायची, कोयनानगरवरनं कुंभार्लीचा घाट उतरायचा, चिपळूणला माल टाकायचा आणि मिळेल ते भरून परत घाट चढायचा, यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. घाटावर त्याचं बायकोसारखं प्रेम. म्हणजे दिवसभर भांडण आणि लांब राहिला की करमत नाही. वळणावर धुकं आलं की धुक्याला शिव्या, ऊन पडलं की उन्हाला. एकदा रस्त्यावर माकड बसलं होतं, तर खाली उतरून त्याला म्हणाला, "तुझा बा हाय व्हय रं रस्ता?" माकड गेलं. मी शेजारी बसलो होतो, खोटं सांगत नाही.

त्याच्या गाडीवर क्लीनर म्हणून फलटणकडचा नाथाजी लागला. हडकुळा, हसरा, आणि इमामच्या रागाचं काडीचंही ओझं न वाटणारा जगातला एकमेव माणूस. कोयनानगरला एकदा दुपारी गाडी उभी करून इमाम केबिनमध्ये झोपला होता. भूकंपाचा धक्का बसला. इमाम उठला, खाली उतरला आणि टायरपाशी बसलेल्या नाथाजीच्या पाठीत एक ठेवून दिली.

"गाडी हलवून उठवतो व्हय रं मला?"

"उस्ताद, मी न्हाई हलवली. जमीन हलली!"

"जमीन हलली तर तू काय करत हुतास?"

नाथाजी हसत सुटला. इमामचा राग आणखी चढला. पुढं नाथाजीनं स्वतःची गाडी केली, तरी ती चालायची इमामच्या गाडीमागंच. मोबाइलच्या आधीचा काळ. दोघं बोलायचे ते हॉर्नवर. एक तोकडा म्हणजे व्हय. दोन तोकडे म्हणजे न्हाई. एक लांब म्हणजे थांब, आणि लांब देऊन वर दोन तोकडे दिले की चहा. शिवाय घाटाचा आपला रिवाज वेगळाच. आंधळ्या वळणाच्या आधी हॉर्न द्यायचा, पलीकडनं कुणी असला तर तो देणार, आणि चढणाऱ्याला आधी वाट. न वाजवता वळणावर येणारा माणूस आमच्याकडं उद्धट समजला जातो. हे नीट लक्षात ठेवा, सगळं रामायण पुढं यावरच झालं.

म्हातारपणी दोघांच्याही गाड्या थांबल्या. इमामचा डावा डोळा साखरेनं नेला, लायसन्स गेलं. नाथाजीला फलटणमध्ये अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तोंडातनं एकच आवाज निघतो, आणि तो माणसांपुढं काढायची त्याला लाज वाटते. अक्षरं समोर धरली तर त्यांची सरमिसळ होते. डोकं मात्र लख्ख. सगळं कळतं, सांगता येत नाही. इमाम फोन करायचा, नाथाजीची लेक शरयू तो त्याच्या कानाला लावायची, इमाम एकटाच बडबडायचा आणि शेवटी फोन आपटायचा. "भिताडासंग बोलल्यावानी हुतंय," म्हणायचा आणि मग जेवायचा नाही.

पुण्याला नोकरीला असलेल्या इमामच्या लेकानं, झिशाननं, हे पाहिलं आणि तो एक स्टिअरिंग घेऊन आला. खालचे पेडल, गिअरचा दांडा, सगळं टीव्हीला जोडायचं. गेमचं नाव इंग्रजी आणि वाळूच्या गाडीएवढं लांब, म्हणून आम्ही त्याला नुसतं 'गाडी' म्हणू लागलो. इमामनं पहिल्या दिवशी खुर्ची लाथाडली आणि भंगारातनं खऱ्या ट्रकची सीट आणून पाटावर ठोकली. त्याची बायको आबेदा दारात उभी राहून बघत होती.

"आवं, दारात ट्रक लावायचा ते बरं हुतं. आता ह्यो घरातच घुसला."

"तू गप. एका डोळ्याचा माणूस चालवतोय, बघ."

आणि खरंच चालवली की त्यानं! माझ्याकडं बघून म्हणाला, "तात्या, पडद्यावर समदं सपाटच असतंय. हितं दोन डोळ्याचा माणूसबी एकाच डोळ्याचा." तरी डावीकडं बघायला त्यानं मला बसवलंच. मी त्याचा क्लीनर. या वयात बढती मिळाली.

तिकडं शरयूनं बापासाठी तसंच स्टिअरिंग घेतलं. चाक डाव्या हातानं, पेडल डाव्या पायानं, आणि हॉर्नचं बटण डाव्या अंगठ्याखाली. पहिल्या संध्याकाळी दोन्ही ट्रक त्या गेममधल्या सरळसोट रस्त्यावर मागंपुढं लागले. इमामनं एक लांब हॉर्न दिला. मागनं आला: लांब, आणि वर दोन तोकडे.

इमामनं गाडी कडेला घेतली. मला वाटलं डोळे पुसतोय. पण नाही, भडकला होता.

"बघितलं का तात्या? इतक्या दिसानी भेटला, आन् पयला चहा मागतोय, भिकारचोट!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांचं बोलणं सुरू झालं. इमाम तोंडानं, गेमच्या माइकवरनं, आणि नाथाजी हॉर्ननं. इमाम विचारणार, "लेक जेवाय घालती का रं?" मागनं एक तोकडा. "नवा डॉक्टर बरा हाय का?" दोन तोकडे. शरयू मला म्हणाली होती, "तात्या, अण्णा दिवसभर घड्याळ बघतात हो. औषध घ्यायला कुरकुर नाही, काही नाही. फक्त संध्याकाळ व्हायला पाहिजे." नाथाजीला वाचा परत मिळाली होती, असं म्हणायला हरकत नाही. गेमवाल्यांना हे माहीतही नव्हतं.

हळूहळू ताफा जमला. सांगलीचा मोबाइल दुकानदार मतीन आला, इचलकरंजीकडचे आले, कुणी दुबईतनं यायचं. सगळे इमामला उस्ताद म्हणायचे आणि त्याच्या शिव्या प्रसादासारख्या घ्यायचे.

मग आली ही पुरवणी.

आता मी इमामइतका रागीट नाही, तेव्हा चांगलं ते आधी सांगतो. घाट त्यांनी केला होता, बाबांनो, घाट! कुठल्या देशातल्या कुणी केला माहीत नाही, पण तो माणूस कधी तरी पावसाळ्यात ट्रकात बसला असणार. धुकं कसं? आधी दरीत, मग कठड्यावर, मग एकदम काचेवर. कपारीतनं पाणी रस्त्यावर येतंय. उतारावर सारखा ब्रेक दाबला तर ब्रेक तापतो, धूर येतो, आणि मग दाबला तरी गाडी ऐकत नाही. खालच्या गिअरमध्येच उतरावं लागतं. जन्मभर नुसती पडद्यावरच चालवलेल्या तरण्या पोरांच्या गाड्या पहिल्या दिवशी आंबे पडावेत तशा दरीत पडल्या. इमाम मात्र एका तालात उतरला.

आणि उतरताना तोंड चालू. "कुठल्या गाढवानं ह्यो कठडा बुटका केला? ... आरं, ह्या वळणाला पाणी असंच येतं! असंच येतं की रं! ... पर चहाची टपरी कुठं हाय? घाट केला आन् टपरी न्हाई? लाज न्हाई वाटत?" आबेदाभाभी स्वयंपाकघरातनं म्हणाली, "आज लय खूश हायती." तिला बरोबर कळतं.

वाईट गोष्टीही होत्या, बारीकसारीक. ट्रकच्या मागं मराठीत लिहिलं तर नुसते चौकोन दिसायचे. उतरणाऱ्याला वेळेचे गुण होते, म्हणजे चढणाऱ्याला वाट देणारा मागं पडणार. इमामनं गुणांना विचारलंच नाही, थांबायचा तिथं थांबला. हे सगळं खपवून घेतलं असतं. पण एक गोष्ट त्यांनी अशी केली की तिला माफी नाही.

ती आम्हाला त्याच दिवशी कळली. ताफा घाटाच्या तोंडाला उभा होता, इमामनं सगळ्यांना बजावलं, "वळण आलं की हॉर्न द्यायचा. लाजायचं न्हाई. घाटात मुका राहणारा दुसऱ्याचा जीव घेतोय. नाथ्या, तू शेवटाला ऱ्हा. मी दिला की तू द्यायचा, म्हंजे ताफा कुठवर आला ते मला कळंल."

नाथाजीनं एक तोकडा दिला. व्हय.

आणि मग काय तो घाट दणाणला! प्रत्येक वळणाला इमाम, मग मधले, मग शेवटी नाथाजी. मध्येच इमाम काहीतरी विचारायचा, नाथाजी त्याचंही उत्तर द्यायचा. इतकं बोलला तो त्या दिवशी! घाट बघून त्यालाही राहवत नव्हतं.

निम्म्यात पोचलो तेव्हा पडद्यावर लाल पट्टी आली. मतीननं वाचून दाखवलं, "उस्ताद, हॉर्न बंद केलाय थोड्या वेळासाठी. घाटातल्या इतर लोकांनी तक्रार केलीय, म्हणे हॉर्न वाजवून त्रास देताय."

"त्रास? आरं, मी वाट इचारतोय!"

एकेकाला पट्टी आली. खाली उतरेपर्यंत एकेकाची गेलीही. इमामचा हॉर्न परत वाजला. त्यानं लांब दिला. मागनं काहीच नाही.

"नाथ्या?"

काही नाही.

"नाथ्या, हाईस का रं?"

मग शरयूचा आवाज आला. "इमामकाका, अण्णा बटण दाबतायत. वाजत नाही."

मतीननं तिला पट्टी वाचायला सांगितली. तिनं वाचली. ज्याच्यावर तक्रारी फार, त्याचा हॉर्न कायमचा बंद. नव्या पुरवणीचा नवा नियम. सगळ्यात जास्त हॉर्न कुणी वाजवला होता? ज्याच्याकडं बोलायला दुसरं काही नव्हतं त्यानं.

इमामनं गाडी बंद केली, उठला, अंगणात गेला आणि उभा राहिला. शिवी नाही, काही नाही. भाभी पदराला हात पुसत बाहेर आली, माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. इमाम आमच्याकडं न बघता म्हणाला, "मीच सांगितलं त्याला. मी दिला की तू दे म्हणून. त्यो येडा, मी सांगितल्यालं कवा मोडलंय त्यानं?"

दुसऱ्या दिवसापासून मात्र सुरू झाला. राग म्हणजे कसा? कुकरची शिट्टी अडकली तर होईल तसा. मतीननं कंपनीला इंग्रजीत लिहिलं, माणूस आजारी आहे, हॉर्न हेच त्याचं बोलणं आहे. उत्तर आलं: तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. परत लिहिलं. परत तेच. इमाम म्हणाला, "त्यांस्नी लिव्ह, तुमच्या उत्तराचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा न्हाई." तेही लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. मग इमामला कळलं की पलीकडं माणूसच नाही, आणि त्यामुळं तर तो आणखीच पेटला. शिवी खायला माणूस लागतो ना!

इकडं नाथाजी रोज येत होता. घाटात इमामच्या मागं मुकाट चालत होता. एके दिवशी शरयूनं सांगितलं, अण्णांनी सकाळी गोळ्या थुंकल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्टिअरिंगपाशी बसलेच नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

"बास," इमाम म्हणाला. "चक्का जाम."

"आवं, गेममधी?" भाभी म्हणाली.

"गाड्या हायत, रस्ता हाय, मालक बहिरा हाय. आनखी काय लागतंय?"

रविवारी दुपारी, घाटात सगळ्यात गर्दी असते तेव्हा, ताफा मधल्या अरुंद वळणावर गेला. इमामनं ट्रक आडवा घातला. त्याला मतीननं लावला, त्याला दुबईवाल्यानं. वरची वाहतूक वर, खालची खाली. आणि मग मी जे बघितलं, ते आठवलं की मला अजून जेवताना ठसका लागतो. अडकलेले सगळे हॉर्न वाजवायला लागले! तेच, ज्यांनी तक्रारी केल्या होत्या तेच! आणि वाजवता वाजवता एकमेकांवर तक्रारी. मग एकेकाला लाल पट्टी, एकेकाचा हॉर्न बंद. थोड्या वेळात अख्खा घाट गाड्यांनी भरलेला आणि चिडीचूप.

"आता कळलं का कसं वाटतंय?" इमाम ओरडला. त्यांना मराठी कळत नव्हती, पण याला कुठं पर्वा!

मध्येच खालून ॲम्ब्युलन्स आली. गेमच सोडतो ती, तिच्यात कुणी नसतं. इमामनं लगेच ट्रक मागं घेतला, वाट दिली, ती गेली, परत आडवा घातला.

"त्यात कुणी न्हाई की!" भाभी म्हणाली.

"आसंल न्हाईतर नसंल. ॲम्ब्युलन्स हाय."

शेवटी एक पांढरी गाडी रांगेच्या कडेनं वर आली. तिच्यात देवदत्त नावाचा माणूस होता. वाईचा. कंपनीनं खेळणाऱ्यांतलेच काही जण भांडणं मिटवायला नेमले होते, त्यातला हा एक. आवाज शांत, भाषा पुस्तकातली.

"नमस्कार. आपल्या ताफ्याचे प्रमुख कोण?"

"मी इमाम शिकलगार. तू मालक हायस का?"

"नाही, मी स्वयंसेवक आहे. मला आपलं म्हणणं ऐकायचं आहे."

"मग ऐक!" आणि इमामनं ऐकवलं. नाथाजी, झटका, वाचा, हॉर्न, घाट, सगळं. मध्ये मध्ये जे काही होतं ते मी गाळतो. देवदत्तनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

"काका," तो म्हणाला, "आपला राग योग्य आहे. पण नियम उगाच आला नाही. पुरवणीच्या आधी एक मुलगी या गेममध्ये गाडी चालवायची. चार जण रोज तिच्या मागं लागून हॉर्न वाजवायचे. ती जाईल तिथं. तिनं शेवटी खेळणंच सोडलं. अशा कितीतरी जणी होत्या."

इमाम चाकावर बोटं वाजवत राहिला.

"ते हरामखोर," तो म्हणाला. "त्यांचा बंद करा की. हात मोडा त्यांचे. पर आमचा नाथ्या त्यात कुठनं आला?"

"हे ठरवायला माणूस नाही, काका. तक्रारी मोजल्या जातात, बस्स. आपल्या ताफ्याची पत्रं वाचून मी वर कळवलं होतं. आपल्यासाठी अपवाद करणार नाहीत, असं उत्तर आलं."

"आणि हॉर्नऐवजी लाईट देऊन बोला, असं नका सांगू," मतीन मध्येच म्हणाला, "ते करून बघितलं आम्ही."

"वळणाच्या पल्याडचा लाईट दिसतो व्हय?" इमाम कडाडला. "दिसत न्हाई म्हणून तर हॉर्न काढला माणसानं!"

देवदत्त म्हणाला, "एक मार्ग आहे. तो तुम्हाला आवडणार नाही. ज्यांनी पुरवणी घेतली नाही, त्यांच्यासाठी जुना नकाशा अजून चालू आहे. तिथं हा नियम नाही. तुम्ही आणि ते, दोघांनी पुरवणी काढून टाकली तर त्यांचा हॉर्न तिथं वाजेल. पण तुमचा घाट जाईल. हा ट्रक, ताफ्याचं प्रमुखपद, सगळं. आणि एकदा काढली की परत घाट घेता येणार नाही."

जुना नकाशा म्हणजे सपाट. चढ नाही, उतार नाही, वळण म्हणाल तर पेट्रोल पंपाकडं वळायचं तेवढंच. इमाम त्या रस्त्याला 'विणकराचा धागा' म्हणायचा आणि नाक मुरडायचा. लायसन्स गेल्यापासून त्याला घाट मिळाला होता तो या पुरवणीत. परत मिळाला होता म्हणा. मी त्याच्या डाव्या बाजूला बसलेलो, त्याच्या न दिसणाऱ्या डोळ्याच्या बाजूला, त्यामुळं त्याला वाटलं असेल मला त्याचं तोंड दिसत नाही. दिसत होतं.

मतीन म्हणाला, "उस्ताद, तुम्ही गेला तर घाटात आम्हाला कोण शिव्या देणार?"

"तुज्या आयला, कुणीबी दील. शिव्यांला काय तोटा हाय?"

मग त्यानं ट्रक सरळ केला. ताफ्याला म्हणाला, "वाट सोडा रं. चढणाऱ्यास्नी आदी." चढणारे गेले, उतरणारे गेले. सगळे गेल्यावर तो एकटा घाट उतरला, खालच्या गिअरमध्ये, कुठंही ब्रेक न तापवता. पूर्ण उतरेपर्यंत तोंडातनं शब्द नाही. आबेदाभाभी माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. पायथ्याला गाडी लावून त्यानं झिशानला फोन केला.

"ती पुरवणी कशी काढायची ते सांग."

"अब्बा, नीट विचार केलाय का? परत नाही मिळणार."

"इचार त्या कंपनीवाल्यांनी करायचा हुता. मला बटण सांग."

शरयूला काय करायचं ते मी फोनवर सांगितलं. बापाला उठवून बसवायला तिला वेळ लागला. तो येईना. ती म्हणाली, "काका वाट बघतायत, अण्णा," तरी येईना. इमामनं माझ्या हातातनं फोन ओढून घेतला.

"त्याच्या कानाला लाव. ... नाथ्या! उठ! घाट सोडून आलोय मी तुज्यापायी, आन् तू भिताडाकडं त्वांड करून पडलाईस? भिताडाला चाकं हायत व्हय? उठ, न्हाईतर येष्टीनं फलटणला येऊन लाथ घालीन!"

थोड्या वेळानं त्या सपाट रस्त्यावर मागं एक ट्रक उमटला. जुनाच, सुरुवातीचा, सगळ्यांना फुकट मिळतो तसला. इमामचाही तसलाच होता आता. इमामनं लांब हॉर्न दिला आणि हात स्टिअरिंगवरनं उचलून धरला.

मागनं हॉर्न आला. पण असा की आम्ही कधी ऐकला नव्हता. तोकडा, लांब, मग तीन तोकडे, परत लांब. इमाम माझ्याकडं बघायला लागला.

"काय म्हणला ह्यो?"

मला काय माहीत? शरयूला विचारलं. ती म्हणाली, "मलाही नाही माहीत काका, पण हसतायत. लय हसतायत."

"नाथ्या, काय म्हणलास?"

तोकडा, लांब, तीन तोकडे, लांब. आणि नाथाजीनं ट्रक उजवीकडनं काढला आणि इमामला मागं टाकून सुसाट सुटला. घाटात इमामच्या मागं सरळ राहणारा माणूस, सपाटीवर वारं प्यायल्यासारखा. इमामनं पाय दाबला, पण जुना ट्रक तो, पळेल किती? "आरं थांब! काय म्हणलास ते सांगून जा! तात्या, डावीकडं बघ, कुणी येतंय का? ... नाथ्या, शिवी हुती का ती? शिवी हुती तर मर्दावानी सांग!"

आता वर्ष होत आलं. त्या कंपनीचा घाट अजून चालू आहे, म्हणे तो अजूनच सुंदर झालाय, टपरीही टाकली. इमामसमोर कुणी त्याचं नाव काढत नाही. रोज संध्याकाळी मी जातो, डावीकडं बसतो. सपाट रस्ता बघून इमाम कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मग मागनं नाहीतर पुढनं तो हॉर्न येतो, तोकडा, लांब, तीन तोकडे, लांब. इमाम विचारतो, "शिवी हाय का?" दोन तोकडे. "चांगलं हाय का?" दोन तोकडे. "मग काय हाय रं?" त्यावर नाथाजी परत तेच वाजवतो, आणि इमाम असा भडकतो की आबेदाभाभीला चहा ओट्यावर ठेवून बाहेर यावं लागतं.